खर्जाला जागा

अजून पिन लावू नका.

पाच छोटे स्पीकर खोक्यातून काढा आणि सतरंजीवर ठेवा. सबवूफरची जड पेटी त्यांच्या शेजारी. वायरींची गुंडाळी सोडायची घाई नाही. राहू द्या तशीच.

पंखा बंद करा.

खुर्ची ओढून बसा. पाठ टेकवा. दोन्ही तळपाय फरशीला लागू द्या.

श्वास आत येतोय. बाहेर जातोय.

आता खोली ऐका.

पंखा अजून पुरता थांबलेला नाही. पाती फिरतायत, सावकाश होतायत. ती थांबेपर्यंत थांबा. मग फ्रिजची घरघर वर येते. इतका वेळ ती होतीच. खाली कुणी स्कूटर चालू करतं. जिन्यात चपला वाजतात. दोन घरं पलीकडे कुकरची शिट्टी होते.

येतंय ते येऊ द्या. जातंय ते जाऊ द्या.

एक टाळी वाजवा. एकच.

ती कुठे जाते, ऐका. भिंती उघड्या असतील, खाली नुसती फरशी असेल, तर टाळी विझता विझता झणझणते. पडदे असतील, गादी असेल, पुस्तकांनी भरलेलं कपाट असेल, तर ती चटकन मिटते.

तुमच्या खोलीचा हा स्वतःचा आवाज आहे. स्पीकर कितीही भारी आणले तरी त्यांचं वाजणं या भिंतींना लागूनच तुमच्याकडे येणार.

पुन्हा एक टाळी.

थांबा.

०

डोळे मिटा.

लक्ष डाव्या कानाकडे न्या. काही ऐकायचं नाही. कान तिथे आहे, एवढंच.

मग उजव्या कानाकडे.

मग दोन्ही कानांच्या मधल्या त्या वीतभर जागेकडे.

डावीकडून हाक आली तर ती डाव्या कानाला आधी लागते, उजव्याला मागाहून. हाक अगदी बाजूने आली तरी हा फरक सेकंदाच्या साधारण दीड हजाराव्या भागाएवढा. तेवढ्यावरून भर बाजारात आपली मान बरोबर त्या बाजूला वळते.

केवढी बारीक जाण आहे ही. आणि ती आत्ता, या खुर्चीत, तुमच्याजवळ आहे.

आज जी मांडामांड करायची ती या वीतभर जागेसाठी. म्हणून स्पीकर नंतर. आधी तुमची बसायची जागा ठरू द्या.

खुर्ची खोलीच्या अगदी मधोमध आली आहे का, पाहा. आली असेल तर हातभर सरकवा. पाठ भिंतीलाही चिकटवू नका. याचं कारण पुढे खर्जापाशी कळेल.

बसलात?

एक श्वास. सावकाश.

०

आता एक सुतळी घ्या.

मीटरपट्टीनेही काम होतं. मला सुतळी बरी वाटते. ती हातात असली की हात आपोआप हळू चालतात.

एक टोक नाकापाशी धरा. दुसरं टोक टेबलाच्या डाव्या अंगाला न्या, जिथे डावा स्पीकर राहील तिथे. तिथे सुतळीला गाठ मारा. आता तीच सुतळी उजवीकडे वळवा. गाठ जिथे पोचते तिथे उजवा स्पीकर.

मग सुतळी दोन्ही स्पीकरांच्या मध्ये ताणून पाहा. तिथेही नाकापासून गाठीपर्यंतची तेवढीच लांबी बसली पाहिजे. बसली, की ते दोघे आणि तुम्ही एका समभुज त्रिकोणाच्या तीन टोकांवर आहात. नाकासमोरून डावीकडे ३० अंश, उजवीकडे ३० अंश.

स्पीकरांची तोंडं कानांकडे वळवा. खाली एखादं जाड पुस्तक सारा, म्हणजे ते कानांच्या उंचीला येतील.

मागे टेकून बसा. दोघांकडे पाहा. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

अंतर सारखं, म्हणजे वेळ सारखी. घरातल्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दीड वीत जवळ आलेला स्पीकर एक हजारांश सेकंद आधी पोचतो, आणि कान सगळं गाणं त्याच्याच अंगाला लावून देतो. दुसरा वाजतो, पण वाजतोय असं वाटत नाही.

सुतळी म्हणूनच.

०

आता वायरी.

हे काम झटपट करा. बोर्डावरचं बटण बंद असू द्या. छोट्या पाच स्पीकरांच्या वायरी सबवूफरच्या पेटीत मागून जातात, आणि पेटीतून तीन पिना संगणकाकडे येतात. हिरवी पुढच्या दोघांची. काळी मागच्या दोघांची. नारिंगी मधल्या स्पीकरची आणि सबवूफरची.

आत्ता फक्त हिरवी लावा. पेटीवरचं बासचं बटण पूर्ण खाली न्या. मग वीज चालू करा.

आवाज अगदी हळू ठेवा.

एकट्या माणसाचं बोलणं लावा. कुणी गोष्ट वाचतंय, किंवा एकटा गळा साथीशिवाय गातोय. असं काहीतरी.

डोळे मिटा.

आवाज कुठून येतोय?

डावीकडून नाही. उजवीकडूनही नाही. तो समोरून येतो. जिथे अजून एकही स्पीकर नाही तिथून. दोन्हीकडून तोच आवाज, त्याच क्षणी, तेवढाच आला, की कान त्याला मधोमध बसवतो.

या मधल्या रिकाम्या जागेपाशी थोडं राहा.

लंडनच्या ॲलन ब्लमलाइन या अभियंत्याने १९३१ साली अशा दोन वाहिन्यांच्या ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. सिनेमा पाहताना नट पडद्याच्या एका कडेला आणि आवाज भलतीकडून, हे त्याला खटकलं होतं, असं सांगतात. माणूस जिथे उभा आहे तिथूनच त्याचा आवाज यावा, एवढी साधी ओढ. ती मला फार जवळची वाटते.

मान किंचित डावीकडे झुकवा. गाणारा सरकतो. परत सरळ व्हा. गाणारा परत येतो.

पुन्हा एकदा झुका.

पुन्हा परत या.

०

मधला स्पीकर पडद्याच्या खाली, नाकासमोर. सिनेमातली बहुतेक बोलणी याच्यातून येतात. तुम्ही खुर्चीत एका बाजूला कललात तरी आता बोलणारा हलत नाही. हा त्याचा उपयोग, आणि तो पुरेसा आहे.

मागचे दोघे कानांच्या जरा मागे. नाकापासून मोजलं तर १०० ते १२० अंशांवर. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत हीच जागा आहे. कानांहून थोडे वर असले तरी चालतं. वायरी सतरंजीखालून न्या, पायात येणार नाहीत अशा. सुतळी मागे पुरत नसेल आणि ते लांब राहिले, तर त्यांचा आवाज थोडा चढवा. जवळ आले, तर उतरवा.

काळी पिन लावा. नारिंगी लावा. संगणकाच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये ५.१ निवडा आणि एकेका स्पीकरची चाचणी घ्या. मधला आणि सबवूफर उलटसुलट लागलेले निघाले, तर काही संगणकांत ही अदलाबदल सेटिंगमधूनच निस्तरता येते.

मग पावसाचा प्रसंग असलेला एखादा सिनेमा लावा. थोडाच वेळ.

पाऊस मागे पडतोय. समोर माणसं बोलतायत, आणि मागे पत्र्यावर पाऊस.

मागे वळून पाहू नका. पडू द्या.

गाणी लावलीत तर मागचे दोघे बहुधा गप्प राहतील. बहुतेक गाणी दोनच वाहिन्यांची असतात. मागच्या दोघांनाही वाजायला लावायची सोय संगणकात आहे. मी ती वापरत नाही. गाणं जसं बांधलंय तसं समोरून यावं. मागे शांत खोली असावी.

सिनेमा थांबवा.

शांत खोली ऐका.

०

आता तंबोरा.

तंबोऱ्याचं एखादं ध्वनिमुद्रण लावा. पुरुषी सुराचा, काळी एकला लावलेला मिळाला तर तो.

बासचं बटण अजून खालीच आहे. त्याला हात लावू नका.

पंचम. षड्ज. षड्ज. खर्ज.

पंचम. षड्ज. षड्ज. खर्ज.

छेडणाऱ्या बोटाला घाई नाही. तुम्हालाही नको.

चौथ्या तारेपाशी थांबा. काळी एकच्या तंबोऱ्यात ही खर्जाची तार सेकंदाला साधारण ६९ वेळा कापते. तुमच्या समोरच्या छोट्या स्पीकरांना एवढा खालचा स्वर झेपत नाही. त्यांच्या आतला हलणारा कोन लहान. तेवढी हवा तो ढकलू शकत नाही.

तरीही खर्ज ऐकू येतोय ना?

नीट ऐका. खर्ज आहे.

तारेतून एकटा खर्ज निघत नाही. त्याच्यावर त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनं एकाच वेळी निघतात, आणि घोडीवरच्या जवारीमुळे ती लखलखून वर येतात. सी. व्ही. रामन यांनी तंबोरा आणि वीणेच्या या घोडीचा अभ्यास करून १९२१ साली निबंध लिहिला. तार जिथे छेडावी तिथे जे वरचे स्वर उमटायला नकोत, तेही या वाद्यांत उमटतात, हे त्यांना दिसलं. छोटे स्पीकर हे वरचे स्वर पोचवतात. त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून कान खालचा खर्ज ओळखतो आणि स्वतः भरून काढतो.

समोर जो खर्ज नाही, तो तुम्ही ऐकताय.

पंचम. षड्ज. षड्ज. खर्ज.

एक श्वास सोडा.

आता बासचं बटण हळूहळू वर घ्या. फार नको. पावभर.

काय बदललं?

सूर तोच आहे. पण खाली काहीतरी आलं. खुर्चीच्या पाठीत. मांड्यांखाली. छातीत, अगदी थोडं. आतापर्यंत कान ज्याचा अंदाज घेत होता तो खर्ज आता हवेत आहे.

राहा इथे.

०

खुर्चीवरून उठा. पेटीपाशी खाली बसा.

जाळी निघत असेल तर काढा. आत कागदी कोन आहे, कडेने रबराचा गोल काठ. काही पेट्यांत हा कोन खालच्या अंगाला असतो आणि दिसत नाही. दिसत असेल तर पाहा. बोट लावू नका.

पंचमाला तो जवळजवळ स्थिर आहे.

खर्ज आला, की कड धूसर होते. मग पुन्हा ठळक होते.

आता पेटीचं गोल भोक शोधा. तळहात त्याच्यासमोर धरा, चार बोटं अंतरावर.

खर्ज येऊ द्या.

तळहाताला वारा लागतो. हलका, गार. पेटी श्वास घेते तसा. भोकातली ही हवा आतल्या कोनाच्या जोडीने पुढे-मागे होते आणि खालच्या स्वराला जोर देते. भोकाची लांबी-रुंदी त्याच मापाने ठरवलेली असते.

हात तसाच धरा.

पेटीचा श्वास. तुमचा श्वास.

पुढच्या खर्जापर्यंत थांबा.

त्याच्या पुढच्याही.

०

ही पेटी कुठे ठेवायची?

बहुतेक घरांत ती टेबलाखाली पायाशी ढकललेली असते, जागा उरली म्हणून. मला त्याचं वाईट वाटतं. मांडणीतली सगळ्यात नाजूक निवड हीच आहे.

खर्जाची एक लाट हवेत जवळजवळ ५ मीटर लांब असते. सोळा फूट. तुमची खोली दहा बाय बारा असेल तर एक लाटही तिच्यात पुरी पसरत नाही. भिंतीला लागून परतते, आणि येणारीशी मिसळते. काही ठिकाणी दोघी मिळून फुगतात. काही ठिकाणी एकमेकींना मिटवतात. बारा फुटांत सुमारे ४७ हर्ट्झचा स्वर असा अडकून घुमतो, दहा फुटांत सुमारे ५६ चा. भिंतीशी तो दाट असतो, मधोमध विरतो. मघाशी खुर्ची हलवली ती यासाठी.

एवढ्या लांब लाटेची दिशा कानाला कळत नाही. म्हणून पेटी समोर हवी असं बंधन नाही. पण कुठेही ठेवून भागतही नाही.

असं करा. सुरबहारवरची मंद्रातली आलापी लावा, सावकाश वर-खाली जाणारी. सबवूफरची पेटी उचला आणि तुमच्या खुर्चीवर ठेवा.

हो, तुमच्याच जागेवर.

आणि तुम्ही जमिनीवर या. गुडघे टेका, हात टेका. कान पेटीच्या उंचीला, फरशीच्या जवळ.

पेटी इथे आणि कान तिथे, किंवा कान इथे आणि पेटी तिथे. हवेला दोन्ही सारखंच. म्हणून आज तुम्ही पेटीच्या जागा आपल्या कानाने पाहून येणार आहात.

कोपऱ्यापासून सुरुवात करा.

ऐका. कोपऱ्यात सगळं जाड आहे. एखादा स्वर आला की बाकीच्यांना दाबून टाकतो. तिथे थोडं राहा. हा घुमणारा स्वर ओळखून ठेवा. तो सुरबहारचा नाही. तो खोलीचा आहे.

भिंतीच्या कडेने पुढे सरका. दोन हात. थांबा.

ऐका.

आणखी दोन हात. थांबा.

पलंगाच्या पायापाशी. दाराशी. कपाटाच्या बाजूला. फरशी तळव्यांना गार लागते. धुळीचा वास येतो. कुठे स्वर पातळ होतात, कुठे एखादा नाहीसाच होतो. घाई करू नका. या खोलीत तुम्ही इतके दिवस राहताय. असं तिला ऐकलं नव्हतं.

एका जागी असं होतं, की प्रत्येक स्वर आपापल्या वजनाने येतो. कुणी पुढे पडत नाही, कुणी मागे राहत नाही. बोट एका परद्यावरून दुसऱ्या परद्यावर गेलेलं कळतं. आस संपते, तेव्हा ती खरंच संपते.

तिथे थांबा.

श्वास आत. श्वास बाहेर.

त्या जागी खडूने खूण करा.

पेटी तिथे आणून ठेवा. भोकासमोर वीतभर तरी मोकळी जागा राहू द्या.

०

परत खुर्चीत बसा.

पुन्हा तंबोरा.

आता बासच्या बटणावर बोट ठेवा, आणि डोळे मिटा.

बटण वर न्या. आणखी वर. मुद्दाम, जास्तच.

खर्ज तारेपासून सुटतो. जवारी समोर राहते आणि खर्ज खडूच्या खुणेपाशी एकटा उभा राहतो. एकाच तारेचे दोन तुकडे झालेत. ऐकू येतात?

आता खाली आणा. सावकाश. एवढंसं. थांबा. आणखी एवढंसं.

कुठेतरी खर्ज उठतो आणि आपल्या तारेत परत जातो. पेटी कुठे आहे ते आता सांगता येत नाही. समोर एकच तंबोरा आहे, पूर्ण, भोपळ्यासकट.

इथेच थांबा. बटणावर नखाने बारीक खूण करा.

बहुतेकांना ही जागा वाटली होती त्याच्या बरीच खाली सापडते. ती बरोबर आहे. सबवूफर वाजतोय हे कळत नाही, आणि बंद केला की लगेच जाणवतं, तेव्हा तो नीट लागलेला असतो.

पंचम. षड्ज. षड्ज. खर्ज.

हवं तेवढा वेळ ऐका.

०

ऐकता ऐकता एक गोष्ट लक्षात घ्या.

भिंत वरचे स्वर अडवते. गाण्याचे शब्द, टाळी, जवारीची लखलख, सगळं बहुतेक इथेच राहतं. खर्ज मात्र तुमच्या भिंतीशी थांबत नाही. तो भिंतीतून पलीकडे जातो, पेटीच्या पायांतून स्लॅबमध्ये उतरतो. खाली कुणी नुकतंच बाळाला झोपवलं असेल. कुणी पहाटेच्या पाळीसाठी लवकर आडवं झालं असेल. त्यांना तंबोरा ऐकू येत नाही. नुसती धडधड पोचते.

पेटीखाली जाड रबराचे तुकडे ठेवा. थोडा फरक पडतो.

आणि घड्याळाकडे पाहा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्र १० ते सकाळी ६ अशी धरली आहे. दहा वाजून गेले असतील तर बासचं बटण पूर्ण खाली न्या. तंबोरा हळू आवाजात चालू राहू द्या. खर्ज तुमचा कान भरून काढेल.